गोळी बंद का पडते?

‘उपचार परवडत नाहीत’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. ते ऐकताच मनासमोर उभे राहते ते शहरातील मोठे रुग्णालय, अतिदक्षता विभागाचे बंद दार आणि लाखांच्या घरातील बिल. त्या बिलाची धास्ती खोटी नाही. परंतु सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात, एका लहानशा बाजारगावात मी सत्तावीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे आणि या काळात माझी खात्री होत गेली आहे, की त्या मोठ्या बिलाची सुरुवात पुष्कळदा एका अगदी लहान खर्चापाशी झालेली असते. हा खर्च म्हणजे दरमहा घ्यावयाच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचा. ज्या महिन्यात तो जमत नाही त्या महिन्यात गोळी बंद पडते, आणि पुढे कित्येक महिने ती बंद आहे हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते या बंद पडणाऱ्या गोळीविषयी. ती का बंद पडते, ती चालू राहावी म्हणून कोणत्या सोयी आज उपलब्ध आहेत, आणि त्या सोयी व आपले घर यांच्यामधील अंतर गावाने मिळून कसे कमी करता येते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हिशेब केवळ औषधाचा नसतो

उच्च रक्तदाब हा अबोल आजार आहे. दाब १७० असतानाही माणूस शेतात दिवसभर राबू शकतो, लग्नाच्या पंगतीत वाढू शकतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून त्यासाठी पैसे खर्च करणे मनाला पटत नाही. दात दुखला तर माणूस उसने पैसे घेऊन येतो. रक्तदाबासाठी उसने पैसे घेणारा रुग्ण मी अद्याप पाहिलेला नाही.

एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय छप्पन, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, मुलगा गलाईच्या धंद्यात परप्रांती. आमच्या गावापासून त्यांची वाडी अकरा किलोमीटरवर. दोन गोळ्यांवर त्यांचा दाब उत्तम आटोक्यात होता. सहा-सात महिने ते नियमित आले, नंतर येईनासे झाले. पुढे वर्षभराने त्यांच्या पत्नी स्वतःच्या खोकल्यासाठी आल्या तेव्हा मी सहज विचारले, “मामांच्या गोळ्या चालू आहेत ना?” त्या म्हणाल्या, “बरं वाटतंय म्हणल्यावर कशाला गोळी, डॉक्टर? आन् पेरणीच्या दिसात रोज कोण बुडवणार?”

त्या बाईंनी नंतर मला बोटांवर मोजून हिशेब सांगितला. वडापचे जाण्या-येण्याचे ८० रुपये, माझी फी १००, महिन्याच्या गोळ्या ३६० आणि बुडालेला रोज ४००. एकूण ९४० रुपये. वाचकहो, या बेरजेकडे नीट पाहा. सर्वांत मोठा आकडा डॉक्टरचा नाही, औषधविक्रेत्याचाही नाही. तो त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीचा आहे. मी माझी फी पूर्ण माफ केली असती तरी ८४० रुपये उरलेच असते. आरोग्यसेवा ‘स्वस्त’ करण्याच्या चर्चेत हा बुडालेला रोज आणि हा प्रवास कोणी धरत नाही, आणि गोळी तर नेमकी तिथेच बंद पडते.

मी निरोप धाडला. “पेरणी उरकली की येतो,” असे उत्तर आले. पेरणी उरकली, पण त्याआधीच एका पहाटे त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केल्यावर प्राण वाचले. रुग्णालयातील बराचसा खर्च सरकारी योजनेतून भागलाही. परंतु उजवा हात परत आला नाही, आणि शेतमजुराचा उजवा हात म्हणजे त्या घराचे उत्पन्न. मुलगा परप्रांतातील काम सोडून परत आला. त्यांची पत्नी आता एकटी मजुरीला जाते आणि दुपारी त्यांना जेवू घालण्यासाठी अर्ध्या कामावरून घरी येते; म्हणून तिला रोजही अर्धाच मिळतो.

योजना कोठे पोहोचते, कोठे थांबते

आपल्या देशात आरोग्यावरील एकूण खर्चापैकी किती भाग लोक थेट खिशातून करतात, हे ‘राष्ट्रीय आरोग्य लेखे’ या सरकारी अहवालमालेत दिलेले असते. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना’ या नावाने चालणारी योजना आज केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’ योजनेशी जोडलेली आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि जुलै २०२४ पासून रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचारही निःशुल्क झाले आहेत.

मात्र एक गोष्ट आपण समजून घेतली पाहिजे. विम्याच्या धर्तीवरील या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहेत. अर्धांगवायू झाल्यावर त्या धावून येतात. अर्धांगवायू होऊ नये म्हणून रोज सकाळी घ्यावयाची गोळी त्यांच्या कक्षेत येत नाही. ती गोळी मिळण्याचे दार वेगळे आहे, आणि ते आपल्या घराच्या पुष्कळ जवळ आहे: आपले उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र.

सपाटीच्या भागात सुमारे पाच हजार लोकवस्तीमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. त्यांपैकी अनेक उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत आणि फलकावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव दिसते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तातील साखर तेथे तपासली जावी, अशी अपेक्षा आहे. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्ये होती. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा यांच्या जोडीला आमचा सातारा जिल्हाही निवडला गेला. त्या उपक्रमाची सूत्रे अगदी साधी आहेत: मोजक्या औषधांची ठरलेली उपचारपद्धती, त्या औषधांचा अखंड पुरवठा, पुढच्या महिन्याच्या गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रातून देणे, डॉक्टरबरोबर परिचारिका व आशा यांनाही उपचाराच्या कामात सहभागी करणे आणि कोण आले नाही याची नोंद ठेवणे. त्यात भारी यंत्रे नाहीत की महाग तपासण्या नाहीत.

आमच्या बाजाराच्या दिवशी

या सूत्रांचा उपयोग माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरने का करू नये, हा प्रश्न मला त्या वाडीच्या गृहस्थांनंतर पडला. मी समाजसेवक नव्हे. माझेही घर याच दवाखान्यावर चालते. परंतु ज्या गावात आपण व्यवसाय करतो तेथील धडधाकट माणसे एकेक करून अंथरुणाला खिळताना पाहणे हा व्यवसायाचा भाग मानण्यास मी तयार नव्हतो.

आमच्याकडे आठवड्याचा बाजार मंगळवारी भरतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे त्या दिवशी कोथिंबिरीच्या जुड्या, कोंबडी, अंडी घेऊन येतातच. म्हणजे त्या दिवशी प्रवासाचा खर्च आधीच झालेला असतो आणि रोजही वेगळा बुडत नाही. तेव्हा ठरले, की महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात रक्तदाब व साखर तपासायची, त्यासाठी फी घ्यायची नाही. एका निवृत्त शिक्षकांनी नोंदवही सांभाळण्याचे पत्करले. दोन आशाताई आणि महिला बचत गटाच्या काही जणी मदतीला आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून मी एक गोष्ट निश्चित केली: ज्या रुग्णाला चालेल त्याला मी तेच औषध लिहून देईन, जे उपकेंद्रात विनामूल्य मिळते. खाजगी आणि सरकारी अशा दोन दारांतून रुग्णाला दोन वेगवेगळ्या गोळ्या मिळाल्या की तो गोंधळतो, आणि गोंधळलेला रुग्ण दोन्ही गोळ्या सोडून देतो.

प्रत्येकाला खिशात मावेल अशी एक ‘गोळीवही’ दिली. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, मोजलेला दाब आणि सर्वांत ठळक अक्षरांत एकच तारीख असते: गोळ्या संपण्याची. त्या तारखेच्या आधी जो येणार नाही, त्याच्या घरी आठवड्याच्या आत कोणीतरी जाते. जाणारी व्यक्ती डॉक्टर नसते. बहुधा त्याच वस्तीवरची बचत गटाची मावशी असते. ती रागावत नाही, उपदेश करीत नाही, “गोळ्या का संपल्या?” एवढेच विचारते. उत्तर पैशाचे आहे, विसरण्याचे आहे की भीतीचे, हे तिला आमच्यापेक्षा लवकर समजते. जो कामासाठी मुंबईला किंवा परप्रांती चालला आहे, त्याच्यासाठी दोन महिन्यांच्या गोळ्यांची तजवीज आधी केली जाते आणि गोळीवही त्याच्याबरोबर जाते.

एक नियम आम्हांला पुढे सुचला. सुना सासूला घेऊन येत, लेकी आईला घेऊन येत, पण स्वतः मात्र भिंतीला टेकून उभ्या राहत. मग ठरवले, की सोबत आलेल्या प्रत्येकाचाही दाब मोजायचा. सासूच्या जोडीने खुर्चीवर बसवलेल्या कित्येक सुनांचा दाब आयुष्यात प्रथमच मोजला गेला, आणि काहींचा सासूपेक्षा अधिक निघाला. घरातील सर्वांचे औषधपाणी पाहणारी बाई स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत नाही, हे आपल्या बहुतेक घरांचे चित्र आहे. आपल्याही घरात एकदा पाहा.

सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. कधी उपकेंद्रात एखादी गोळी संपलेली असते आणि पुढचा पुरवठा वेळेवर येत नाही. “धंदा बुडवून घेतो आहेस,” असे सांगणारे व्यवसायबंधूही भेटले. काही पुरुष अजूनही “मला काही होत नाही” असे म्हणून पाठ फिरवतात. तरीही गोळी बंद पडली तर ती आता निमूटपणे बंद पडत नाही. कोणाला तरी ते आठवड्याच्या आत कळते, आणि कळले की पुष्कळदा उपाय निघतो.

स्वस्त म्हणजे हलके नव्हे

उपकेंद्रात औषध नसेल तेव्हा ते विकत घ्यावे लागते, आणि तेथे जेनेरिक औषधांचा प्रश्न येतो. “स्वस्त गोळी हलकी असेल ना?” हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. जेनेरिक म्हणजे औषधातील मूळ घटकाच्या नावाने विकले जाणारे औषध. व्यापारी नावाची गोळी असो वा जेनेरिक, दोघींना एकाच औषध कायद्याचे आणि भारतीय औषधकोशाचे निकष लागू होतात. औषधे मूळ नावाने विकली जावीत, ही शिफारस आपल्याकडे १९७५ सालीच हाथी समितीने केली होती. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे २०१६ मध्ये वैद्यकीय आचारसंहितेतही नमूद झाले. म्हणून आपल्या डॉक्टरांना “मूळ नाव लिहून द्याल का?” असे विचारण्यात संकोच नसावा. विनयाने विचारलेल्या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

येथे एक व्यवहारातील खाचखळगा सांगतो. साध्या दुकानात ‘जेनेरिक द्या’ म्हटल्याने गोळी स्वस्त मिळेलच असे नाही. अनेक जेनेरिक औषधांवरही छापील किंमत चढीच असते आणि मधला फायदा विक्रेत्याकडे राहतो. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत मात्र छापील किंमतच कमी असते; नेहमीच्या अनेक गोळ्या व्यापारी नावाच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात. आमच्याकडचे केंद्र तालुक्याच्या गावी आहे. तेथे नियमित जाणारे एक निवृत्त एसटी वाहक आता शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन जातात आणि प्रत्येकाच्या गोळ्या वेगवेगळ्या पाकिटांत, बिलासह आणतात. गावातील एका औषधविक्रेत्यानेही आमच्या मोजक्या औषधांचा कमी किमतीचा साठा ठेवण्याचे मान्य केले. एका गोळीमागचा त्याचा नफा घटला. पण दरमहा न चुकता येणारे गिऱ्हाईक त्याला मिळाले आणि माल पडून राहण्याची भीती गेली.

सावधगिरी एवढीच बाळगा. बिल अवश्य घ्या, मुदत पाहा, आणि जुन्या व नव्या गोळीतील मूळ घटक व मात्रा एकच आहे ना, याची खात्री करा. नाहीतर दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दुप्पट घेतले जाते. अपस्मार, थायरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर कंपनी बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला; त्या औषधांत लहानसा फरकही महत्त्वाचा ठरू शकतो. आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ज्ञान घराजवळ आणणारी माणसे

आम्ही काही नवे शोधले आहे, असा माझा दावा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडमध्ये काम सुरू केले, तेव्हा अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर, अशा खेड्यातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची घरोघरची देखभाल सोपवली, आणि बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज गावोगावी दिसणारी आशाताई याच विचारपरंपरेची आहे. उपचाराचा मोठा भाग डॉक्टरच्या खुर्चीपासून दूर, घराच्या उंबऱ्याजवळ होऊ शकतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. रक्तदाबाच्या गोळीसाठी तेच पुन्हा करायचे आहे.

आपल्या घरी, आपल्या गल्लीत

आपण खेड्यात राहत असाल वा शहरातील चाळीत किंवा सोसायटीत, पुढील गोष्टी या महिन्यातच करता येतील.

घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या, विशेषतः जी व्यक्ती ‘माझं काही नाही’ म्हणते तिचा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. चहा, तंबाखू व जिना चढून आल्याची धाप यांमुळे आकडा फसवा येतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

चालू गोळ्या कोणत्या तारखेला संपतात, ती तारीख दिनदर्शिकेवर लिहा. गोळ्या आणण्याचा दिवस त्यापूर्वीचा आणि आपण बाजाराला, बँकेत किंवा अन्य कामासाठी जाणारच असू असा निवडा, म्हणजे वेगळा रोज बुडणार नाही.

जवळचे उपकेंद्र किंवा शहरातील महापालिकेचा दवाखाना एकदा निरोगी असताना पाहून या. तेथे कोणत्या गोळ्या मिळतात हे विचारा, आणि ती यादी आपल्या खाजगी डॉक्टरांना दाखवा.

रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावे, वये जुळतात का ते आजच पाहा. रुग्ण रुग्णालयात असताना नावातील एका अक्षरासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. दाखल होताना योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कोठे बसतो ते प्रथम विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही योजनेची माहिती मिळते. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या शेजारी एखादे वृद्ध जोडपे एकटे राहत असेल, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतील, तर महिन्यातून एकदा त्यांच्या दारात उभे राहून एवढेच विचारा: “काका, गोळ्या किती उरल्यात?” या प्रश्नाला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. त्याचे उत्तर “चारच उरल्यात” असे आले, तर आपण बाजारात निघालाच आहात. त्यांची चिठ्ठी मागून घ्या.